जोतं जुनं, नळ नवे



गावाकडे जुनं घर पाडून नवं बांधताना बरेचदा जोतं तसंच ठेवतात. कोकणात तर खाली जांभ्याचा कातळ. जोतं हलणार कशाला? इथे नेदरलँड्समध्ये जुन्या पायावर नवं घर बांधायला काढलं असेल, तर हा भरवसा जरा बाजूला ठेवा आणि आधी खालच्या पाइपांकडे बघा.

अ‍ॅमस्टरडॅम, रॉटरडॅमच्या जुन्या वस्त्यांत जमीन मऊ, म्हणून घरं लाकडी खांबांवर उभी. डाम चौकातला राजवाडा तर १३,६५९ खांबांवर आहे. हे खांब खोल वाळूच्या घट्ट थरात रोवलेले असतात. त्यामुळे घर जागच्या जागी राहतं, पण भोवतालची जमीन हळूहळू खचते.

आता सांडपाण्याचा पाइप डोळ्यांसमोर आणा. एक टोक घरात पक्कं, दुसरं खचणाऱ्या जमिनीत. सगळा ताण भिंतीजवळच्या सांध्यावर. तो तुटला की वर नवीकोरी बाथरूम आणि घराखालच्या पोकळीत मैला!

याहून मोठा धोका वेगळाच. लाकडी खांब पाण्याखाली असतील तोवर शंभर वर्षंही टिकतात. डोकी उघडी पडली की कुजतात. जमिनीतली फुटकी गटारवाहिनी आजूबाजूचं भूजल शोषून नेते आणि पाण्याची पातळी उतरते. म्हणजे नळकामाकडे दुर्लक्ष केलं, तर पायाच धोक्यात.

म्हणून भिंती उभ्या करण्याआधी पाया आणि भूजलाची पातळी तपासून घ्या, जुन्या पाइपात कॅमेरा घालून बघा. पायाच्या तुळईत नवं भोक इंजिनिअरला विचारल्याशिवाय पाडू नका. जुनी भोकं जिथे आहेत, त्यांच्या जवळच संडास ठेवता आला तर उत्तम. घराखालचे पाइप मातीवर टेकवू नका, मजल्याला टांगून घ्या. उतार मीटरला ५ ते २० मिलिमीटर ठेवा. पाइप भिंतीबाहेर पडतो तिथे जमिनीबरोबर खाली सरकू शकेल असा लवचीक जोड बसवा. आणि यंत्राने खणण्याआधी कदास्तरकडे नोंद करा, ते कायद्याने बंधनकारक आहे.

आता पिण्याचं पाणी. घर १९६० पूर्वीचं असेल, तर शिशाचे नळ असू शकतात. राखाडी, मऊ पाइप, खरवडला की चांदीसारखा चकाकतो. शिसं बाळाच्या मेंदूच्या वाढीला घातक. आपण बाळासाठी पाणी उकळतो, पण उकळून शिसं जात नाही! नळ बदलेपर्यंत गरोदर बाईने बाटलीबंद पाणीच प्यावं आणि बाळाचं वरचं दूधही त्याच पाण्यात करावं. साधारणपणे मीटरपर्यंतची वाहिनी पाणी कंपनीची, पुढची आपली. त्यामुळे दोन्ही बाजू तपासायला सांगा.

शेवटी एक फुकटचा उपाय. जमीन आणि भिंती बंद करण्याआधी प्रत्येक पाइपाला मोजपट्टी लावून फोटो काढून ठेवा. दहा वर्षांनी गळती शोधताना अख्खी फरशी फोडावी लागणार नाही.

घर बांधताय, त्याबद्दल शुभेच्छा. वास्तुशांतीला बोलवायला विसरू नका. नमस्कार.