नवे वाहन, जुना बिघाड

कर्जाने घेतलेला नवा ट्रॅक्टर ऐन पेरणीत पुन्हापुन्हा बंद पडतो. बँकेचा हप्ता मात्र थांबत नाही. यवतमाळच्या शेतकऱ्याने विक्रेत्याकडे किती खेटे घालावेत? कंपनी कोठलीही असो, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार त्याला यवतमाळच्याच जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. वकील सक्तीचा नाही. उपजीविकेसाठी स्वतः वापरलेले वाहन ‘व्यापारी’ ठरत नाही. दोष सिद्ध झाल्यास आयोग दुरुस्ती, बदली वाहन, किंमत परत किंवा नुकसानभरपाई देववू शकतो. मात्र पुरावा ग्राहकालाच द्यावा लागतो. म्हणून प्रत्येक दुरुस्तीचे जॉबकार्ड जपावे व तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत अर्ज करावा. कार्यकर्त्यांनी गावोगाव हे अर्ज लिहून द्यावेत. एरवी नफा कंपनीचा आणि बिघाड शेतकऱ्याचा, हीच वाटणी कायम राहील.