वारांची नावे आणि प्रभूचा दिवस
(ज्युबिली महोत्सवाच्या सभेत धर्मग्रामाच्या धर्मगुरूंनी केलेले भाषण)



धर्मशिक्षणाच्या वर्गात एका मुलाने आम्हांस विचारिले, "फादर, शनि ही इतर लोकांची देवता, मग आपण ख्रिस्ती लोकांनी शनिवार का म्हणावे?" प्रश्न लहान तोंडचा खरा, पण विचार करण्याजोगा आहे.

सहाव्या शतकात, आजच्या पोर्तुगालातील ब्रागा नगरीचे धर्माध्यक्ष संत मार्टिन यांसही हीच गोष्ट सलत होती. रोमन लोकांनी वारांस आपल्या देवतांची नावे दिली होती; ती ख्रिस्ती मुखातून निघावीत हे त्यांस रुचले नाही. पोर्तुगीज भाषेत आजही सोमवारास 'सेगुंदा-फेइरा' म्हणजे दुसरा वार, आणि शुक्रवारास 'सेष्ता-फेइरा' म्हणजे सहावा वार म्हणतात. शनिवार तो 'साबादु', म्हणजे शब्बाथ; आणि रविवार तो 'दोमिंगु', म्हणजे प्रभूचा दिवस.

परंतु त्याच पोर्तुगिजांनी गोमंतकात 1510 पासून 1961 पर्यंत राज्य केले, तरी तेथील ख्रिस्ती माणूस कोकणीत आयतार, सोमार, मंगळार असेच म्हणतो. त्याचा बिरेस्तार म्हणजे बृहस्पतीचा वार, आणि आयतार म्हणजे आदित्यवार. म्हणून आयतारी मिस्सेस जाताना तो काही सूर्याची पूजा करावयास जात नाही! रशियन लोक रविवारास 'पुनरुत्थान' याच अर्थाच्या शब्दाने ओळखतात. नाव कोणतेही असो. दिवस कोणाचा, हे त्या दिवशीच्या आपल्या आचरणावरून ठरते.

तारखांचेही तसेच. जुन्या पंचांगाची गणना ऋतूंशी जुळेनाशी झाली व ईस्टरचा काळ ढळू लागला, तेव्हा पोप तेरावे ग्रेगरी यांनी 1582 साली सुधारणा केली. त्या वर्षी 4 ऑक्टोबरनंतर एकदम 15 ऑक्टोबर उजाडला. त्याच रात्री आविलाच्या संत तेरेसा यांनी देह ठेविला. दहा तारखा गळाल्या; परंतु गुरुवारामागून शुक्रवारच आला. रविवारांची परंपरा तुटू दिली नाही.

आता आपली ज्युबिली. लेवीय ग्रंथाच्या 25 व्या अध्यायात सात वेळा सात वर्षे मोजून पन्नासावे वर्ष पवित्र मानावे, शिंग फुंकावे, दासांस मुक्त करावे व विकलेली जमीन मूळ कुळास परत द्यावी, अशी आज्ञा आहे. पताका आणि बँड एवढ्याने ती पुरी होत नाही.

येथे आम्हांस एक कबुली द्यावयाची आहे. हातभर बांधापायी अबोला धरलेले दोन सख्खे भाऊ आम्ही पाहिले. दोघेही रविवार चुकवीत नसत. एक एका दाराने येई, दुसरा दुसऱ्या. 'पुढल्या रविवारी दोघांस समोरासमोर बसवू' असे आम्ही वर्षभर मनाशी म्हणत राहिलो. अखेर धाकट्याची शवपेटी ज्या दाराने आत आली, त्याच दाराने थोरला मागोमाग रडत आला. तो बुधवार होता.

बंधुभगिनींनो, तो दोष जितका त्यांचा, तितकाच आमचाही. ज्यांचा अबोला असेल त्यांनी पुढल्या रविवारची वाट पाहू नये. आज कोणता वार आहे हे न पाहता भावाच्या घरी जावे. तोच प्रभूचा दिवस ठरेल.

प्रभू आपणां सर्वांस आशीर्वाद देवो.