उपम्याचा मान

महाभारतांत भीमसेन विराटाच्या पाकशाळेंत बल्लव होऊन राहिला, ही कथा आपण मुलांना कौतुकानें सांगतों. परंतु आपलाच मुलगा ‘मी आचारी होतों’ म्हणाला, तर घरांत सुतक पडल्यासारखें होतें. माझा एक हुशार विद्यार्थी एकदां मजपाशीं असेंच बोलला होता. मीं हंसून त्याला गणिताच्या वहीकडे वळविलें. त्या गोष्टीची रुखरुख मला फ्लॉइड कार्डोज यांची हकीगत वाचतांना पुन्हां लागली. श्रोतेहो, आज त्यांच्याविषयींच चार शब्द सांगावयाचे आहेत.

कार्डोज यांचा जन्म १९६० सालीं मुंबईंत झाला. घराणें मूळचें गोव्याचें. शिक्षण जीवरसायनशास्त्रांतलें. प्रयोगशाळेची वाट समोर मोकळी असतां आर्थर हेली यांची ‘हॉटेल’ ही कादंबरी त्यांच्या हातीं पडली आणि मन त्या धंद्याकडे ओढलें गेलें. मुंबईस व पुढें स्वित्झर्लंडमध्यें त्यांनीं या विद्येचे धडे घेतले, आणि नंतर न्यूयॉर्क गांठलें. तेथें ‘लेस्पिनास’ या उपाहारगृहांत ग्रे कुन्झ यांच्या हाताखालीं त्यांची खरी उमेदवारी झाली. कुन्झ हे सिंगापुरांत जन्मलेले स्विस आचारी. पौर्वात्य मसाल्यांचें त्यांना वावडें नव्हतें. फ्रेंच पाकक्रियेची शिस्त आणि आपल्या घरचा मसाला एका पातेल्यांत सुखानें नांदूं शकतात, हें कार्डोज यांनीं पुढें स्वतः करून दाखविलें.

१९९८ सालीं डॅनी मायर यांच्या साह्यानें ‘टॅब्ला’ हें उपाहारगृह निघालें. नांव आपल्या तबल्याचें, मसाले आपले. भाज्या, मासे व मांस मात्र अमेरिकेंतलें. मसाला हा जिनसाची मूळ चव झांकण्यासाठीं नसून ती खुलविण्यासाठीं आहे, ही त्यांची रीत. फोडणींतल्या मोहरीनें भाजीला पुढें आणावें, स्वतः पुढें येऊं नये, हें आपल्या आजीबाईही जाणत होत्या.

‘टॅब्ला’ २०१० सालीं बंद झालें. पुढच्याच वर्षीं अमेरिकेंतील ‘टॉप शेफ मास्टर्स’ या दूरचित्रवाणीवरील स्पर्धेच्या अखेरच्या फेरींत कार्डोज यांनीं काय रांधावें? उपमा! आपण सकाळीं घाईघाईनें ढवळतों तोच रवा. जोडीला जंगली आळंबी, आमसूल आणि नारळाचें दूध. ते विजयी झाले, आणि बक्षिसाची रक्कम कर्करोगाच्या संशोधनास गेली. परीक्षकांपुढें परक्याची नक्कल न करतां बालपणींचा पदार्थ मांडण्यास जें धैर्य लागतें, तें मला त्या बक्षिसाहून मोठें वाटतें.

२०१५ सालीं लोअर परळला ‘बॉम्बे कँटीन’ आणि २०१७ सालीं गोव्याच्या चवीचें ‘ओ पेद्रो’, अशीं दोन उपाहारगृहें त्यांनीं तरुण भागीदारांसह मुंबईंत काढलीं. २५ मार्च २०२० रोजीं कोविडच्या सांथींत, वयाच्या एकुणसाठाव्या वर्षीं, त्यांचें अमेरिकेंत निधन झालें.

माझा तो विद्यार्थी पुढें एका कचेरींत कारकून झाला. अजूनही भेटला कीं हुद्याविषयीं बोलत नाहीं. काल काय रांधलें तें सांगतो, आणि तेवढ्यापुरता त्याचा चेहरा उजळतो. मीं त्याला उत्तम गणित शिकविलें, यांत शंका नाहीं. परंतु त्याचें म्हणणें ऐकून घेतलें नाहीं. आपल्या घरीं एखादा मुलगा किंवा मुलगी चुलीपाशीं रेंगाळतांना दिसली, तर तिला अभ्यासाच्या नांवाखालीं लगेच हांकलूं नका. आधीं तिनें केलेला घांस चाखून पाहा.