कायदा, लाज आणि रोग



समलिंगी व तृतीयपंथी माणसांच्या आरोग्याविषयी मी बोलणार म्हटल्यावर काहींच्या भुवया वर गेल्या असतील. त्यात नवे काही नाही. र. धों. कर्वे यांनी 'समाजस्वास्थ्य'मधून वाचकांच्या असल्या प्रश्नांना सरळ उत्तरे दिली, तेव्हा त्यांच्यावर खटले झाले. १९३४ साली डॉ. आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले, तरी निकाल विरुद्धच गेला.

आकडे पाहा. २०१७ च्या सरकारी अंदाजानुसार देशातील प्रौढांत एच.आय.व्ही.चे प्रमाण शेकडा ०.२२ होते. त्याच वर्षीच्या पाहणीत पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांत ते २.६९ आणि तृतीयपंथीयांत ३.१४ भरले. दहापटींहून अधिक! 'केल्या कर्माचे फळ' म्हणून हात झटकणारे पुष्कळ भेटतात. या संबंधांत लागण होण्याचा शारीरिक धोका मुळातच जास्त, हे खरे. पण तो टाळण्याचा उपाय महाग नाही व अवघडही नाही. मग अडते कोठे?

जुलै २००१ मध्ये लखनौस या पुरुषांत एड्सप्रतिबंधाचे काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनाच पोलिसांनी कलम ३७७ खाली पकडले. दीड महिना ते तुरुंगात होते. पुढे दिल्ली उच्च न्यायालयात तर याहून चमत्कारिक देखावा दिसला. गृहखाते म्हणे, कलम हवेच. आणि त्याच सरकारची एड्स नियंत्रण संघटना शपथेवर सांगे की, या कलमाच्या भीतीने माणसे लपून राहतात व आमच्यापर्यंत पोहोचतच नाहीत. एका हाताने औषध पुढे करावे आणि दुसऱ्याने दार लावून घ्यावे, असा हा कारभार!

प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरते ते कलम सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये रद्द केले. लाज मात्र निकालपत्राने रद्द होत नाही. अवघड जागी व्रण झालेला माणूस डॉक्टरांना मूळव्याध सांगतो, कारण खरे बोलले की पुढचा प्रश्न लग्नाचा येणार. मग औषधही मूळव्याधीचेच मिळते. तृतीयपंथी रोग्याला पुरुषांच्या वॉर्डात घ्यायचे की बायकांच्या, हा वाद मिटेपर्यंत रोगी बाकावर. केसपेपरवरचे पुरुषी नाव कारकून मोठ्याने पुकारतो, साडीतली व्यक्ती उठते, आणि सारी रांग वळून पाहते. अशी व्यक्ती पुन्हा त्या दारात येत नाही. एच.आय.व्ही.च्या ज्या गोळ्या सरकार २००४ पासून फुकट देत आहे, त्या तशाच कपाटात राहतात.