चौथा नंबर की एकच चषक?



कामगार चळवळीतला माणूस व्याख्यानाला बोलावला म्हणजे तो बोनस आणि महागाईभत्ता यांवर बोलणार, अशी आपली अटकळ असेल. आम्ही आज फुटबॉलवर बोलणार आहोत. युनियनच्या कचेरीतली तरुण पोरे रात्री जागून इंग्लंडमधले सामने पाहतात; त्यांच्या संगतीने आम्हांलाही ते वेड लागले. त्यांच्यात एक वाद कधी मिटत नाही. आपला संघ दरसाल पहिल्या चारांत यावा पण चषक मिळू नये, हे बरे. की एकदा चषक मिळावा आणि मग काय व्हायचे ते होवो, हे बरे?

हा वाद नुसता कल्पनेतला नाही. २०१३ च्या मे महिन्यात तो चार दिवसांत मैदानावर उभा राहिला. ११ मे रोजी लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर एफ. ए. चषकाचा अंतिम सामना झाला. एका बाजूला आदल्या वर्षीचा लीगविजेता मँचेस्टर सिटी, पैशाला तोटा नसलेला संघ. दुसऱ्या बाजूला विगन. विगन हे पूर्वीच्या लँकेशायरमधले कोळसाखाणींचे जुने गाव. तिथे वेड रग्बीचे. फुटबॉल क्लब निघाला १९३२ साली आणि लीगमध्ये शिरायला १९७८ उजाडले. नव्वद मिनिटे गोल नाही. मग कॉर्नरवरून आलेल्या चेंडूला बदली खेळाडू बेन वॉटसनने डोके लावले आणि विगनने चषक जिंकला. सहा महिन्यांपूर्वी त्याच वॉटसनचा पाय मोडला होता!

१४ मे रोजी हाच संघ लीगमध्ये आर्सेनलकडून ४-१ हरला आणि अव्वल श्रेणीतून खाली गेला. एकाच हंगामात एफ. ए. चषक जिंकून खाली जाणारा तो पहिलाच क्लब. आणि ज्याने हरवले त्या आर्सेनलला २००५ नंतर एकही चषक मिळाला नव्हता. मात्र १९९७ पासून तो पहिल्या चारांबाहेर कधी गेला नव्हता. त्याही साली चौथा आला, तोही एका गुणाने.

आर्सेनलवर आमचा थोडा जीव आहे, कारण १८८६ साली वूलिचच्या शस्त्रागारातील कामगारांनी तो काढला. २००६ साली त्याने नवे मैदान उघडले, त्याचे कर्ज फेडायचे होते. पहिल्या चारांत आले की युरोपच्या चँपियन्स लीगमध्ये प्रवेश, आणि प्रवेश म्हणजे उत्पन्न. प्रशिक्षक वेंगर चौथ्या क्रमांकाला चषकाचीच किंमत देत. पण तो क्रमांक कोणाच्या खतावणीत जमा होतो? महागडे तिकीट काढणाऱ्याच्या नव्हे. त्याला मिळायचा तर एखादा दिवसच मिळतो.

आम्ही स्वतः सबुरीच्या पक्षातले. आयुष्यभर करार केले ते चौथ्या नंबराचेच. थोडी पगारवाढ, थोडा भत्ता, कोणाची नोकरी गेली नाही. एकदाच संप ताणला, मागितले तेवढे मिळवले, गुलाल उधळला; दीड वर्षात कारखाना बंद. संपामुळे, की मालकाला तो तसाही बंद करायचाच होता, हे आम्हांला आजही छातीठोक सांगता येत नाही. त्यातला एक जण पुढे भाजीच्या गाडीवर भेटला. आम्ही मान खाली घालून उभे. तो मात्र गुलालाच्या दिवसाचेच बोलत राहिला. लहान करारांपैकी एकही त्याला आठवत नव्हता. त्याची बायको वांगी तोलत होती. ती वर न बघता म्हणाली, “गुलालानं चूल पेटली नाही, दादा.”

विगन २०१५ साली तिसऱ्या श्रेणीत गेला आणि २०२० साली दिवाळखोरीच्या दाराशी पोहोचला. दोष त्या चषकाचा नव्हे, मालकीच्या व्यवहाराचा. पण क्लबच्या नोकरांची कामे गेली. म्हणून पोरांना आम्ही सांगतो: प्रेक्षक म्हणून तुम्ही चषक मागा, तो तुमचा हक्क आहे. मात्र तिकीटखिडकीवरच्या माणसाला विचारून मागा.

पोरांना हे पटत नाही. २०१४ च्या एप्रिलमध्ये हेच दोन संघ वेम्ब्लीवर उपान्त्य सामन्यात भेटले. दुसऱ्या श्रेणीतल्या विगनने आधी गोल केला. आर्सेनल कसाबसा पेनल्टींवर सुटला. १७ मे रोजी हलविरुद्ध दोन गोलांनी मागे पडून तो ३-२ जिंकला. नऊ वर्षांनी चषक! कचेरीतली आमची आर्सेनलवाली पोरे त्या रात्री रडली. लीगमध्ये त्या सालीही तो चौथाच आला होता. ते कोणी काढलेदेखील नाही.