झुडपं काढली तर काय जातं?

आज आवाज जरा बसलाय, सांभाळून घ्या. परवा रात्री साडेअकरापर्यंत देवळात मीटिंग होती आणि मी गरजेपेक्षा जास्त बोललो.

मी किकवीचा. पुणे-सातारा हायवेने जाताना चहाला थांबता ना, तेच किकवी. बीटेक कॉम्प्युटर, नोकरी पुण्यात, दिवसभर कोड. जंगलाचा अभ्यास म्हणाल तर फक्त वाचन आणि मामाच्या गावची देवराई. गावाचं नाव मुद्दाम घेत नाही, भांडण घरातलं आहे. भोर तालुक्याच्या डोंगरी भागात आहे, एवढं पुरे.

तर झालंय असं, की देवळाचा जीर्णोद्धार चाललाय. देवस्थान समितीने ठरवलं की राईतून देवळापर्यंत सहा मीटर रुंद रस्ता करायचा, आणि आतली झुडपं काढून बसायला पेव्हर ब्लॉक टाकायचे. मी विरोध केला तेव्हा मामा म्हणाले, "अरे, एकसुद्धा मोठं झाड तोडत नाही आपण. नुसती झुडपं काढतोय. देवाच्या दारात स्वच्छता नको का?"

मामांचं म्हणणं ऐकायला एकदम बरोबर वाटतं. म्हणून तुम्हाला आधी जरा लांब नेतो, पनामाला.

आपल्या भाटघर धरणात पाणी चढलं की खालच्या वाटा, बांध सगळं बुडतं. मे महिन्यात पाणी ओसरलं की कांबरेश्वराचं देऊळ वर येतं, ते बघायला तुमच्यापैकी काही जण गेलेही असतील. पनामा कालव्यासाठी शंभरेक वर्षांपूर्वी असंच धरण बांधलं. गाटुन तलाव भरला, दऱ्या बुडाल्या आणि एका डोंगराचा माथा तेवढा पाण्याबाहेर राहिला. त्याचं झालं बेट, बारो कोलोराडो. सुमारे १,५०० हेक्टरचं. १९२३ पासून ते राखीव आहे आणि तेव्हापासून तिथे संशोधन चालू आहे.

तिथे कुऱ्हाड चालली नाही. तरीही काही वर्षांनी पक्षी मोजणाऱ्यांच्या लक्षात आलं की एकेक जात गायब होतेय. जास्त करून जमिनीलगत, झुडपात राहणारे पक्षी. पंख आहेत, मग पलीकडच्या जंगलातून येत का नाहीत? संशोधकांनी सरळ प्रयोग केला. पक्षी पकडले, होडीतून पाण्यावर नेले, किनाऱ्यापासून १००, २००, ३०० मीटरवरून सोडले. काही जातींना १०० मीटरसुद्धा जमेना. दाट सावलीत या फांदीवरून त्या फांदीवर जाणारा पक्षी, त्याला उघड्यावरचं तेवढं अंतर म्हणजे समुद्रच.

आता आपली राई बघा. भोवती भातखाचरं, माळ, डांबरी रस्ता आणि अलीकडे प्लॉटिंग. पाणी नाही, पण बेटच आहे ते.

हे माझं डोकं नाही हां. मॅकार्थर आणि विल्सन या दोघांनी १९६७ साली बेटांचा सिद्धांत मांडला: बेट जितकं लहान आणि जितकं एकटं, तितक्या तिथे जाती कमी टिकतात. त्याच सुमारास आपल्या पुण्याचे माधव गाडगीळ हार्वर्डमध्ये पीएचडी करत होते, आणि विल्सन तिथेच शिकवत होते. गाडगीळ परत आले आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांच्याबरोबर सह्याद्रीतल्या देवराया धुंडाळू लागले. १९७५-७६ च्या त्यांच्या लेखांनी देवराईला विज्ञानाच्या नकाशावर आणलं. आजूबाजूचे डोंगर बोडके झाले तरी देवाच्या धाकाने हे तुकडे कसे उरले, हे त्यांनी गावागावांत फिरून नोंदवलं.

आता मामांच्या झुडपांकडे येतो.

बारो कोलोराडोवर १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ५० हेक्टरचा एक तुकडा आखला. त्यातलं एक सेंटिमीटर जाडीच्या वरचं प्रत्येक झाड मोजलं, नंबर दिला. एक सेंटिमीटर म्हणजे किती? आपल्या करंगळीएवढं! दोन लाखांवर खोडं भरली, जाती जवळपास तीनशे. मग साधारण दर पाच वर्षांनी परत तीच मोजणी. करंगळीएवढ्या काडीला नंबर का द्यायचा? कारण ते झुडूप नाही, ते झाडाचं पोर आहे. आपल्याकडे राईत गुडघ्याएवढं जे काही वाढलंय, त्यात करवंदासारखी खरी झुडपं आहेत, पण जांभूळ, बेहडा, आंबा यांची पोरंही आहेत. जेसीबीला त्यातला फरक कळत नाही. समितीलाही कळत नाही, आणि खरं सांगायचं तर तीन वर्षांपूर्वी मलाही कळत नव्हता.

पोरं नाहीशी झाली की काय होतं, हेही एका धरणात दिसलंय. व्हेनेझुएलातलं गुरी धरण १९८६ मध्ये पूर्ण भरलं आणि टेकड्यांची बेटं झाली. लहान बेटांवर जॅग्वार, प्यूमासारखे शिकारी उरले नाहीत. मग पानं खाणारी माकडं आणि पानं कापणाऱ्या मुंग्या बेसुमार वाढल्या. जॉन टेरबर्ग यांच्या टीमने मोजलं तेव्हा वर मोठी झाडं शाबूत होती, पण खालची रोपं फारच कमी झाली होती. बाहेरून फोटो काढला तर हिरवंगार बेट! डॅनियल जॅन्झेन नावाच्या शास्त्रज्ञाने अशा वारस नसलेल्या झाडांना 'जिवंत मृत' म्हटलंय. आमच्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर चालू आहे, पण बॅकअप कधीच डिलीट झालाय.

तिकडे हे काम मुंग्यांनी केलं. आपण पेव्हर ब्लॉकने करणार.

रस्त्याचा हिशोब तर मी मीटिंगमध्ये फळ्यावरच मांडला. समजा राई एक हेक्टरची आहे, १०० मीटर बाय १०० मीटर. कडेने ऊन, वारा, तण आत शिरतं. ते २० मीटर आत येतं असं धरू. मग खरी गार, ओलसर राई उरते ६० बाय ६०, म्हणजे ३,६०० चौरस मीटर. आता मधोमध सहा मीटरचा रस्ता काढा. त्याला दोन्ही बाजूंनी नवीन कडा आल्या, परत वीस-वीस मीटर गेले. उरतात सात मीटरच्या दोन पट्ट्या, मिळून ८४० चौरस मीटर. रस्त्याने जमीन खाल्ली सहा टक्के, पण आतली राई तीन चतुर्थांशाहून जास्त गेली.

मागे बसलेला एक जण म्हणाला, "इंजिनिअर आहे, आकडे फिरवणारच." लोक हसले. मीही हसलो, काय करणार.

पण गुरवकाका उठले. वयाने सगळ्यात मोठे. ते म्हणाले, "माझ्या लहानपणी त्या बेहड्याच्या पलीकडं दिवसा जायला भ्या वाटायचं. आता इथनं पलीकडचं रान दिसतं." बस, एवढंच बोलले आणि खाली बसले. माझ्या फळ्यावरच्या आकड्यांपेक्षा त्याने जास्त काम झालं.

निर्णय झालेला नाही. रस्ता राईच्या कडेने न्यायचा तर खर्च वाढतो, आणि वर्गणी जेवढी जमायची तेवढी जमलीय. म्हाताऱ्या माणसांना पावसात देवळापर्यंत चिखलातून जावं लागतं, हेही खोटं नाही. माझी स्वतःची आजी दोन वर्षं देवळात गेलेली नाही. त्यामुळे मी 'काहीच करू नका' म्हणालो नाही. पायवाटेवर दगडी फरशी टाका, रुंदी चार फूट ठेवा, पालखी जाईल एवढी, असं म्हणालो. त्यावर पुढच्या मीटिंगमध्ये बोलायचं ठरलंय, दसऱ्यानंतर.

तोवर रविवारी शाळेतली सात-आठ पोरं आणि मी राईत सुतळी लावून एकेक मीटरचे चौकोन आखतोय आणि आतली रोपं मोजतोय. ओळख पटवायला गुरवकाका सोबत असतात. गेल्या रविवारी मामाही आले. चपला बाहेर काढल्या, थोडा वेळ नुसते बघत उभे राहिले, मग एका रोपाकडे बोट दाखवून म्हणाले, "हे लिहिलंस का? अंजन आहे ते."

लिहिलं नव्हतं. आम्ही ते करवंद समजलो होतो.