वर्गातले यंत्र आणि शिक्षकाचा कान



ज्या शाळेच्या बाकावर बसून मी इंग्रजीचे पहिले वाक्य उच्चारले, त्याच शाळेने आज मला गुरुजींच्या स्मृतिव्याख्यानासाठी बोलावले, याबद्दल मी संस्थेचा मनापासून आभारी आहे. या व्यासपीठावरून माझ्याहून अधिकारी माणसे बोलून गेली आहेत. माझ्याजवळ विद्वत्ता नाही. चाळीस वर्षे इंग्रजीचे अध्यापन आणि त्यांतली बरीचशी शिक्षक घडवण्याच्या कामात गेली, एवढीच काय ती शिदोरी. त्या शिदोरीतली एक चूक आज आपल्यापुढे उघड करणार आहे. चूक माझीच आहे, आणि ती मला उमगली ती एका प्रशिक्षणार्थी शिक्षिकेमुळे.

प्रथम गुरुजींचे स्मरण. आम्ही शिकत होतो तेव्हा या शाळेत साधन म्हणाल तर खडू, फळा आणि भिंतीवरचे दोन-तीन तक्ते. पण गुरुजींच्या पिशवीत एक लहानसा ट्रान्झिस्टर असे. आठवड्यातून एखादे दिवशी ते तो मेजावर ठेवीत, इंग्रजी बातम्यांचे केंद्र लावीत आणि निवेदक बोलत असताना वाक्याच्या मध्यावरच बटण फिरवून तो बंद करीत. मग आमच्याकडे वळून विचारीत, ‘पुढं काय म्हणंल तो?’ आम्ही चाचपडत, चुकत काहीबाही सांगत असू. गुरुजी कुणालाही हसत नसत. डोळे मिटून ऐकत असत. यंत्र कसे लावावे हे पुढे मला पुष्कळांनी शिकवले. ते नेमके केव्हा बंद करावे हे शिकवणारे गुरुजी एकटेच. खेद एवढाच, की हा धडा मी स्वतः निरीक्षकाच्या खुर्चीत बसल्यावर विसरलो.

शिक्षक-प्रशिक्षणाची बेळगावची परंपरा जुनी आणि अभिमान वाटावा अशी आहे. निपाणीजवळच्या तवंदीशी ज्यांचे नाते होते त्या इंदिरा संत याच शहरातल्या अध्यापक महाविद्यालयात प्राध्यापिका आणि पुढे प्राचार्या होत्या. पु. ल. देशपांडे येथल्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात काही काळ शिकवीत होते. पुढे ते आकाशवाणीत गेले आणि भारतातल्या दूरचित्रवाणीच्या आरंभकाळी तिच्याशी निगडित होते. वर्गातला माणूस ध्वनिक्षेपकापुढे जाऊन उभा राहतो, हे या मातीला नवे नाही.

यंत्राने शिकवण्याचे मोठे प्रयोगही आपल्या देशाने मनापासून केले आहेत. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या एका वर्षात अमेरिकेच्या उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे संच बसवले गेले. त्यांत कर्नाटकातली खेडीही होती. मुलांसाठी सकाळी कार्यक्रम होत आणि प्राथमिक शिक्षकांना विज्ञान शिकवण्याचे प्रशिक्षणही त्याच पडद्यावरून दिले गेले. पुढे २० सप्टेंबर २००४ रोजी केवळ शिक्षणासाठी ‘एज्युसॅट’ हा उपग्रह सोडण्यात आला. त्याच्या आरंभीच्या प्रयोगांसाठी निवडलेल्या संस्थांत नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ होते आणि आपल्या उंबऱ्यावरचे विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठही होते. २०१० साली तो उपग्रह निवृत्त झाला. मग २०२० साल उजाडले, महामारीने शाळांना कुलपे घातली आणि जो भ्रमणध्वनी वर्गात आणू नये म्हणून आम्ही मुलांना दटावीत होतो, त्याच भ्रमणध्वनीत वर्ग जाऊन बसला.

या सर्व प्रयत्नांबद्दल मला आदर आहे. तरी त्यांतल्या बहुतेकांचा प्रवाह वरून खाली वाहणारा होता, हेही नमूद केले पाहिजे. कोठे तरी दूर एक जाणता बोलतो आणि खेड्यातले मूल ऐकते. विज्ञानातला एखादा प्रयोग पाहून समजतो. इतिहास ऐकून कळतो. भाषा मात्र केवळ ऐकून येत नाही. ती तोंडातून बाहेर पडावी लागते, आणि बाहेर पडलेली ती कोणीतरी ऐकावी लागते.

आता त्या शिक्षिकेची हकीकत सांगतो. तिचे नाव सांगण्याचे कारण नाही. २०१५ पासून बी.एड.चा अभ्यासक्रम दोन वर्षांचा झाला आणि प्रशिक्षणार्थींना शाळेत दीर्घकाळ राहून काम करणे आवश्यक ठरले. अशा कामासाठी ती या सीमाभागातल्या एका मराठी शाळेत आली होती आणि तिच्या पाठांचे निरीक्षण निवृत्तीनंतरही माझ्याकडे होते. पहिल्या पाठाला तिने संगणक आणि प्रक्षेपक आणला. पडद्यावर रंगीत चित्रे सरकत होती, शब्द उड्या मारीत येत होते, मधूनच संगीत वाजत होते. मुले हरखून गेली. माझ्या हातातल्या तक्त्यात ‘तंत्रज्ञानाचा वापर’ असा एक रकाना होता. त्यात मी पैकीच्या पैकी गुण भरले. त्या पस्तीस मिनिटांत एकाही मुलाने इंग्रजीचे एक पूर्ण वाक्य उच्चारले नव्हते, हे माझ्या ध्यानात आले नाही. कारण तक्त्यात तसा रकानाच नव्हता.

दुसऱ्या पाठाच्या दिवशी सकाळपासून वीज नव्हती. मुलगी रडवेली झाली. मी तिला म्हणालो, ‘पाठ पुढं ढकलूया का?’ ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, ‘नको सर, घेते.’ तिने फळ्यावर बेळगाव बसस्थानकाचे एक छोटे वेळापत्रक लिहिले: निपाणी, कोल्हापूर, खानापूर, चंदगड. दोन-दोन मुलांच्या जोड्या केल्या. एक प्रवासी आणि एक चौकशीच्या खिडकीतला कारकून. प्रवाशाने गाडी कधी आणि कोठे मिळेल ते इंग्रजीतून विचारायचे, कारकुनाने उत्तर द्यायचे. हा प्रकार तिला आयत्या वेळी सुचला खरा. पण त्यामागे मोठी परंपरा आहे. १९७९ ते १९८४ या काळात बंगळूरला डॉ. एन. एस. प्रभू यांनी शालेय इंग्रजीचा जो प्रयोग केला, त्याचा गाभा हाच होता. नकाशा, वेळापत्रक, आकृती यांसारखी साधी वस्तू पुढे ठेवून मुलांना विचार करण्याजोगे काम द्यायचे. कामात मन गुंतले की भाषा मागोमाग येते. जगभरच्या इंग्रजी अध्यापनशास्त्राने दखल घेतलेला हा विचार आपल्याच राज्यातला आहे.

तिने आणखी एक गोष्ट केली. आपला भ्रमणध्वनी ती प्रत्येक जोडीजवळ नेऊन ठेवी आणि त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करी. मुले लाजत, अडखळत, हसत बोलत होती. वर्गात गलका होता. मी मागे बसून ‘वर्गनियंत्रण’ या रकान्यात गुण कापले आणि ‘तंत्रज्ञानाचा वापर’ या रकान्यात जवळजवळ काहीच दिले नाही. पडदा नव्हता ना!

दुसऱ्या दिवशी ती मला भेटायला आली. तिचा चेहरा उतरलेला होता. मला वाटले, गुणांबद्दल बोलेल. ती म्हणाली, ‘सर, हे ऐका.’ रात्री घरी बसून तिने सारी मुद्रणे पुनःपुन्हा ऐकली होती. मुलांचा प्रश्न होता, ‘व्हेअर डू आय गेट द बस?’ आणि उत्तर होते, ‘नीअर द गेट.’ आपण मराठी माणसे हे दोन्ही शब्द ‘गेट’ असेच लिहितो आणि तसेच उच्चारतो. परीक्षा ती टेस्ट आणि चव तीही टेस्ट. लेखणी ती पेन आणि वेदना तीही पेन. इंग्रजीत पहिल्या शब्दातला स्वर आखूड आहे, दुसऱ्यातला लांब. मराठीत एकार एकच असल्यामुळे आपला कान हा भेद टिपत नाही, आणि जे कान टिपत नाही ते जीभ घडवीत नाही. सर्व मुले दोन्ही शब्द सारखेच उच्चारीत होती. अपवाद होता एका मुलीचा. तिचा ‘गेट’ आणि ‘गेट’ स्वच्छ वेगळा ऐकू येत होता.

‘हिला कुणी शिकवलं?’ मी विचारले. शिक्षिकेने तिच्याकडे चौकशी केली होती. त्या मुलीचे आजोळ कन्नड मुलुखातले. सुट्टी तिकडे जाते. मित्रहो, कन्नडमध्ये ऱ्हस्व एकार आणि दीर्घ एकार हे दोन स्वतंत्र स्वर आहेत, ओकाराचेही तसेच. ‘बेळे’ या शब्दातला पहिला एकार आखूड उच्चारला तर अर्थ होतो पीक. लांबवला तर डाळ. ‘कोडु’ आखूड म्हटले तर ‘दे’, लांब म्हटले तर शिंग. शेतात आणि स्वयंपाकघरात आजीच्या तोंडून हा भेद ऐकत वाढलेल्या त्या मुलीच्या कानाला इंग्रजीतला भेद परका वाटला नाही. आजीच्या कन्नडने नातीला इंग्रजीत हात दिला होता.

हे मी कोठे उभा राहून बोलतो आहे याची मला जाणीव आहे. १९८६ च्या जूनमध्ये कन्नड सक्तीविरोधी आंदोलनात गोळीबाराला बळी पडलेल्या हुतात्म्यांचे स्मारक याच हिंडलग्यात आहे. दरवर्षी १ जूनला आपण तेथे नतमस्तक होतो, मीही होतो. मातृभाषेतून शिकण्याचा हक्क हा आपल्या जिव्हाळ्याचा प्रश्न आहे, आणि त्याबद्दलची माझी निष्ठा तसूभरही ढळलेली नाही. पण भाषा लादणे वेगळे आणि भाषा कानावर पडणे वेगळे. लादण्याला आपण विरोध केला, तो योग्यच होता. शेजाराच्या बोलीने मुलाचा कान तयार होत असेल, तर ते त्या मुलाचे धन आहे. त्यावर राग धरण्याचा अधिकार आपल्याला नाही. तीन भाषांच्या ओझ्याखाली आपली मुले वाकतात असे आपण नेहमी म्हणतो. त्यांच्यापाशी तीन भाषांचे कान आहेत, ही गोष्ट मात्र मोजायची राहून गेली.

पण शिक्षिकेचा चेहरा उतरला होता तो याहून निराळ्या कारणाने. त्या मुद्रणांत तिचाही आवाज होता. तिने नमुना म्हणून वाचलेल्या वाक्यांत दोन्ही ‘गेट’ अगदी एकच होते. ती म्हणाली, ‘सर, मलाच येत नाही. मी काय शिकवणार?’ मी तिला उत्तर देण्यापूर्वी तिचा भ्रमणध्वनी मागून घेतला आणि माझा आवाज त्यात मुद्रित केला. चाळीस वर्षे इंग्रजी शिकवलेल्या माणसाचा तो आवाज आम्ही दोघांनी ऐकला. माझेही दोन्ही ‘गेट’ एकच निघाले. आम्ही दोघेही हसलो. पण मी आतून हललो होतो.

पुढच्या तासाला तिने जे केले त्याला धैर्य लागते. तिने वर्गात आधी स्वतःचे मुद्रण ऐकवले आणि सांगितले, ‘इथं बाई चुकल्या. आज बाई पण तुमच्याबरोबर शिकणार.’ मग त्या मुलीला पुढे बोलावले. ती दोन्ही शब्द म्हणे, वर्ग म्हणे, बाई म्हणत. पुन्हा मुद्रण, पुन्हा ऐकणे. एरवी मागच्या बाकावर बसणारी ती पोर त्या दिवशी वर्गाची शिक्षिका झाली. त्या पाठाचे गुण देण्यासाठी मी गेलोच नव्हतो. पाहायला गेलो होतो.

या अनुभवातून जे हाती लागले ते थोडक्यात सांगतो. बोलणे उच्चारताक्षणी हवेत विरते. लिहिलेली चूक वहीत राहते, बोललेली चूक राहत नाही. म्हणून शिक्षक लेखन तपासतात आणि बोलणे सोडून देतात. ध्वनिमुद्रणाने हे विरणारे बोलणे धरून ठेवता येते, पुनःपुन्हा ऐकता येते, वर्षारंभीचा आवाज वर्षाअखेरीच्या आवाजाशेजारी ठेवता येतो. हे सामर्थ्य गुरुजींच्या ट्रान्झिस्टरमध्ये नव्हते. ते आज प्रत्येक शिक्षकाच्या खिशात आहे आणि त्यासाठी प्रक्षेपक लागत नाही. आता तर उच्चार ऐकून गुण देणारी साधनेही निघाली आहेत. त्यांचा उपयोग जरूर करावा. मात्र मुलीचे आजोळ कोठे आहे हे विचारण्याचे त्यांना सुचणार नाही. ते शिक्षकालाच सुचावे लागेल.

एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. मुलाचा आवाज ही त्याची स्वतःची वस्तू आहे. २०२३ च्या कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांच्या डिजिटल माहितीच्या वापरासाठी पालकांची संमती आवश्यक मानली आहे. पण कायदा नसता तरी सभ्यता होतीच. पालकांना विचारावे, काम झाले की मुद्रण पुसावे आणि कोणाचीही चूक वर्गाबाहेर जाऊ देऊ नये.

तरुण शिक्षकांना माझी एकच विनंती आहे. यंत्र वर्गात नेताना त्याचे तोंड कोणाकडे आहे ते पाहा. ते केवळ मुलांकडे तोंड करून बोलत असेल, तर थोड्या वेळाने ते बंद करा आणि मुलांना विचारा, पुढे काय म्हणेल? आणि मुले बोलू लागली की ते त्यांच्याकडे कान करून ठेवा. माझ्यासारख्या निरीक्षकांना विनंती अशी, की तक्त्यात आणखी एक रकाना आखा: किती मुले बोलली? त्या शिक्षिकेच्या दुसऱ्या पाठाचे गुण बदलण्याची वेळ तेव्हा निघून गेली होती. ते गुण मी आज, गुरुजींच्या साक्षीने, या सभेपुढे मागे घेतो आणि तो पाठ माझ्या निरीक्षणातला सर्वोत्तम पाठ होता असे नम्रपणे नोंदवतो.

आपण माझे बोलणे शांतपणे ऐकून घेतलेत. ऐकणे ही या शाळेचीच शिकवण आहे. गुरुजींच्या स्मृतीस अभिवादन करतो.